काटा मैलाचा, काठी त्यांची

ओली काठी माझ्या तोंडासमोर नाचवत मालक म्हणाले, "वीतभर पानी कमी हाय. कुटं गेलं रं?"

मी टँकरचा ड्रायव्हर. मालक म्हणजे आमच्या गावातले मोठे जमीनदार. टँकर आला की टाकीत काठी बुडवून पाणी मोजायचा मान त्यांचा. सगळा गाव घागरी घेऊन जमलेला.

मी म्हणालो, "मालक, वाटंत सांडलं असंल. झाकनाचं रबर गेलंय."

"सांडलं? का तुमच्या वस्तीत सांडलंस?"

लोक हसले. मालकांनी माणसं धाडली. वेशीबाहेरच्या आमच्या वस्तीत, झडतीला. त्यांच्यामागं मीही गेलो. आईनं नदीच्या कोरड्या पात्रात झिरा उकरून, वाटीवाटीनं भरून एक घागर आणली होती. गढूळ पाणी. ते टँकरचं नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं. त्यांनी घागर उलथी केली. मातीनं पाणी पिऊन टाकलं. आई पदराचं टोक तोंडात धरून बसली. आणि मी नुसता बघत राहिलो.

दुष्काळ होता. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नवा जिल्हा, नव्या पाट्या, नवे साहेब. पाणी तेवढं कुणी नवं आणलं नव्हतं. माझी गाडी लष्कराच्या लिलावातली, आमच्या नोकरीला लागली तेव्हाच म्हातारी. आमच्या टँकरखात्याच्या साहेबांनी टाकीवर रंगवून घेतलं होतं, 'वेग ताशी ३० किलोमीटर'. मी काटा तीसवर ठेवायचो, केसभर पुढं नाही. आमची चूक कुणी माफ करत नाही, म्हणून आम्ही नियम इतरांपेक्षा जास्तच पाळतो.

आणि गावचा नियम वेगळा. टाकी मी भरायची, मी आणायची, पण तोटी मालकांच्या गड्यानं उघडायची. माझा हात लागला तर म्हणे पाणी बाटतं. रस्ताभर माझ्या पाठीशी हिंदकळत येताना बाटत नव्हतं! ते पाणी गावच्या आडात जायचं. आमच्या बायकांनी लांब उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरून घागरीत ओतायचा.

दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी भरायला नेताना डोकं ठिकाणावर नव्हतं. नजर कडेच्या किलोमीटरच्या दगडांवर गेली. ताशी तीस म्हणजे दोन मिनिटांना एक दगड. मी घड्याळ बघितलं. सव्वा मिनिटातच दगड मागं पडला. पुढचाही तसाच. काटा तर तीसवर!

नांदेडला मला गाडी शिकवणारे उस्ताद आठवले. ते जुन्या गाड्यांवरचे. म्हणायचे, "पाच मैल बोले तो आठ किलोमीटर. याद रख, बेटा." तबकडीवरची अक्षरं कधीच पुसली होती, नुसते आकडे उरले होते. काटा मैलाचा होता. तीस मैल म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर. दुष्काळी कामावरच्या त्या खडीच्या रस्त्यावर भरली टाकी एवढ्या वेगानं नेली तर पाणी झाकणातून उसळणारच.

मी तडक लातूरला साहेबांकडे गेलो. वाटलं, आता डाग पुसला जाईल. साहेब म्हणाले, "ठाऊक आहे मला. जुन्या गाड्यांचे काटे मैलाचेच असतात. मग?"

"मग गावाला तेवढं सांगा, साहेब. माझ्या आईची घागर ओतली त्यांनी."

"गावाला मी गणित शिकवत बसू? पालथ्या घड्यावर पाणी. जा, गाडी चालव."

त्यांना ठाऊक होतं. मला चोर म्हटलं गेलं तेव्हाही ठाऊक होतं. याचा जास्त संताप आला.

त्या दिवशी मी काटा एकोणीसच्या आत ठेवला. गाडी रांगत गेली. उशीर झाला, पण थेंब सांडला नाही. मालकांनी काठी बुडवली. पुरी भिजली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. आता तरी म्हणतील, हा चोर नाही.

मालक गावाकडं वळून म्हणाले, "बघा. काल पकडलं म्हनून आज पुरं आनलं. म्हंजे रोजच चोरत हुता!"

पुन्हा तेच हसणं. कमी आणलं तर चोर, पुरं आणलं तर पक्का चोर. तिथं मला कळलं. ही काठी पाणी मोजायला नव्हतीच. मी कितीही अचूक गाडी चालवली, मैलाचे किलोमीटर करून करून मेलो, तरी त्यांचा निकाल आधीच लागलेला होता.

पुढच्या खेपेला मी वेशीजवळ गाडी वळवली. सरळ आमच्या वस्तीत. आई धावत आली. "आरं लेकरा, मारतील तुला. नोकरी जाईल."

"जाऊ दे. घागर आन."

तोटी मी माझ्या हातानं उघडली. वस्तीतल्या झाडून साऱ्या घागरी भरल्या, मग गावात गेलो. मालक काठी घेऊन उभेच होते.

मी म्हणालो, "हातभर कमी हाय, मालक. सांडलं न्हाई. आमच्या वस्तीला दिलं, मी दिलं. घाला काठी."

या वेळी कुणी हसलं नाही. पुढं माझी गाडी काढून घेतली, नोकरीही गेली. जायचीच होती. पण त्या दिवसापासून मी खरेपणाचा हिशेब घेऊन कुणाच्या दारात उभा राहिलो नाही. राहणारही नाही. आमच्या वाट्याचं पाणी आम्ही आधी घेऊ, आमच्या हातानं तोटी उघडून. ज्याला मोजायचंय त्यानं मग खुशाल मोजावं.