तार, कापूस आणि धडधड

सिगारेट सोडलेली चार माणसं एका ठिकाणी बसायला लागली की धूर कमी होतो आणि गोष्टी वाढतात. आमचं तसंच झालंय. बेसमेंटमध्ये कुणी नवा पाहुणा आला की सॅमसनकाका मला म्हणतात, "मुक्ता, तो बसमधला किस्सा सांग." तो सांगून होत नाही तोवर कुणाला तरी तुपाचा आठवतो, आणि चहा गार होतो. आता हसतो आम्ही. पण घडत होतं तेव्हा यातल्या एकाही प्रसंगात कुणी हसत नव्हतं.

मंडळी आधी सांगते. सॅमसनकाका अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. टोरांटोत इन्शुरन्सच्या ऑफिसात नोकरी केली, आणि रिटायर झाल्यावर मुलीजवळ राहायचं म्हणून रेचेलकाकूंना घेऊन ओटावाला आले. आमचा अड्डा त्यांच्या बेसमेंटमध्ये, रविवारी दुपारी. शनिवारी शब्बाथ, त्या दिवशी काका स्क्रूड्रायव्हरला हात लावत नाहीत. बाकी हर्षद नाशिकचा, शैलेश सांगलीचा आणि मी नागपूरची. आम्ही तिघंही ओटावाच्या कनाटा भागात सॉफ्टवेअरमध्ये.

सिगारेट सुटावी म्हणून चौघं व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर आलो. मग तयार कॉइलची चव आवडेना, म्हणून स्वतःच्या कॉइल स्वतः बांधायला लागलो. म्हणजे बारीक तारेचे स्प्रिंगसारखे वेढे घालायचे, दोन्ही टोकं स्क्रूंखाली आवळायची आणि वेढ्यांमधून कापसाची वात ओवायची. वात लिक्विड शोषते, तार तापते, वाफ निघते. ऐकायला किती सोपं! पण वात घट्ट झाली की लिक्विड पोचत नाही, कापूस जळतो आणि घशात मिरचीची धुरी घेतल्यासारखं होतं. सैल झाली की सगळं गळतं. आणि तारेचं टोक बाजूच्या धातूला टेकलं, तर शॉर्ट. आमची प्रत्येक कॉइल भिंगाखाली धरून काका एकच वाक्य म्हणायचे, "याचा क्लेम मिळणार नाही!"

* * *

हर्षद हा काळजी करायलाच जन्माला आलेला माणूस. एकदा त्याच्या यंत्रावरचा आकडा स्थिर राहीना. बटण दाबलं की कॉइलचा रेझिस्टन्स कधी वर, कधी खाली. याला वाटलं, बॅटरी बिघडली. आता ही फुटणार! म्हणून त्यानं ती बाहेर काढली, यंत्र बॅगेत ठेवलं आणि बॅटरी काकांना दाखवायला जॅकेटच्या खिशात टाकून बसमध्ये बसला. त्याच खिशात घराच्या किल्ल्या.

थोड्या वेळानं कुशीला ऊब लागायला लागली. बाहेर कडाक्याची थंडी, आधी त्याला बरंच वाटलं म्हणे. मग चटका बसला. किल्ल्यांनी बॅटरीची दोन्ही टोकं जोडली होती!

"स्टॉप! स्टॉप द बस!" हर्षद असा ओरडला की ड्रायव्हर बाईंनी तिथल्या तिथे बस कडेला घेतली. त्यानं खाली उडी मारली, जॅकेट काढलं आणि बर्फाच्या ढिगात भिरकावलं. फुस्स आवाज आला, धूर निघाला, खिशाच्या जागी भोक पडलं. हा तिथे अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टमध्ये उभा, आणि बसमधले सगळे काचेला नाक लावून बघतायत.

ड्रायव्हर बाई दारातून म्हणाल्या, "सर, युअर जॅकेट इज डन. गेट इन बिफोर यू आर!"

काकूंची शाल पांघरून तो बेसमेंटमध्ये बसला तेव्हा त्याचे दात वाजत होते. "काका, माझ्या हातून पूर्ण बस पेटली असती हो," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता. काकांनी त्याला कॉफी दिली आणि त्याची कॉइल भिंगाखाली धरली. बराच वेळ बघितली.

"बॅटरीला काहीही झालेलं नव्हतं," ते म्हणाले. "हर्षद, तुझा स्क्रू ढिला आहे!"

* * *

माझाही एक आहेच. त्या दिवसांत ऑफिसात वातावरण काही बरं नव्हतं. मीटिंगा अचानक कॅन्सल व्हायच्या, मॅनेजर मंडळी दार लावून बसायची. अशात एका सकाळी माझ्या मॅनेजर बाईंचा मेसेज आला, "कॅन यू स्टॉप बाय?" पुढे काही नाही. स्मायलीसुद्धा नाही!

मी तेव्हा पार्किंगमध्येच होते. म्हटलं, एक झुरका घेऊ आणि जाऊ. यंत्र रात्रभर गाडीतच राहिलेलं. थंडीनं लिक्विडचा काकवीसारखा पाक झाला होता, ते वातीत शिरलंच नव्हतं. मला त्याचं भान नाही. मी बटण दाबलं आणि कोरडा कापूस छातीभर ओढला.

काय सांगू! डोळ्यांतून धारा, नाकातून पाणी, आणि आवाज साफ बंद. तशीच वर गेले, न जाऊन सांगते कुणाला! दार उघडलं. "गुड मॉर्निंग" म्हणायला तोंड उघडलं, तर नुसता हुंदक्यासारखा आवाज निघाला.

बाई खुर्चीतून उठल्याच. टिश्यूचा डबा माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "ओ नो, प्लीज डोन्ट क्राय! यू आर स्टेइंग. इट्स द अदर्स वी आर लेटिंग गो!"

कुणाला तरी काढतायत, हे तोवर मला नक्की माहीत नव्हतं. आणि आता माहीत झालं तर ‘कुणाला?’ म्हणून विचारायला आवाज नव्हता!

* * *

पुन्हा हर्षद. बाहेर बर्फाचं वादळ आणि घरात कापूस संपलेला. त्याला आठवलं, देवघराच्या खणात फुलवातींचा डबा आहे. सासूबाईंनी नाशिकहून पाठवलेला. त्यानं एक पांढरीशुभ्र वात उचलली, बोटांनी जराशी मोकळी केली, वेढ्यांमधून ओवली आणि ओढली.

"चव चांगली होती रे," तो आम्हाला कळवळून सांगत होता. "शिऱ्यासारखी! तिथेच मला शंका यायला हवी होती."

त्या वाती तुपात भिजवलेल्या होत्या! थंडीत तूप थिजून कापसासारखंच पांढरं दिसत होतं. हे प्राजक्तानं, म्हणजे त्याच्या बायकोनं सांगेपर्यंत याचे पाच-सहा झुरके झाले होते. मग त्यानं नेटवर वाचलं, की तेल-तुपाची वाफ फुप्फुसात जाणं फार वाईट. तिथून पुढे हर्षदला श्वास लागायला लागला. तुपानं लागला की वाचून, ते देव जाणे.

वॉक-इन क्लिनिकमधली डॉक्टर तरुण होती, मॉन्ट्रियालकडची. "व्हॉट एक्झॅक्टली डिड यू इन्हेल?"

"घी."

"गी?"

"क्लॅरिफाइड बटर."

तिनं पेन खाली ठेवलं. "बट व्हाय?"

आता देव, निरांजन, वात, वादळ हे सगळं तिला इंग्लिशमध्ये कसं समजावणार? त्यानं प्रयत्न केला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, एक्स-रे काढायला सांगितला आणि असू द्यावी म्हणून रक्ताची तपासणीही लिहून दिली.

रिपोर्ट येईपर्यंत हर्षदनं प्राजक्ताला सगळे पासवर्ड समजावले, घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर कसा बदलायचा ते दाखवलं, आणि आईला फोन करून उगाचच "बरी आहेस ना?" म्हणून विचारलं. प्राजक्ता आधी चिडली होती. पण तो मुलीच्या खोलीच्या दारात नुसताच उभा राहायला लागला, तेव्हा तीही घाबरली. दोघं हात धरून रिपोर्ट घ्यायला गेले.

डॉक्टर म्हणाली, "लंग्ज आर परफेक्टली क्लिअर."

प्राजक्ताला रडू फुटलं.

"बट युअर कोलेस्टेरॉल इज हाय," डॉक्टर पुढे म्हणाली. "प्लीज, लेस गी!"

* * *

काकूंच्या भाचीचं लग्न डेट्रॉइटला होतं. काका-काकू ओटावाहून गाडीनं निघाले, विंडसरला मुक्काम केला आणि सकाळी पुलावरून पलीकडे अमेरिकेत जाणार होते. निघताना काकूंनी वचन घेतलं होतं, "त्या तारा-बिरा घरी ठेवायच्या. माझ्या माहेरच्या लग्नात मला तमाशा नको." काका "हो" म्हणाले होते.

पुलापलीकडे अमेरिकन सीमेवरच्या ऑफिसरनं गाडी बाजूला घ्यायला लावली. डिकी उघडली. काकांच्या सुटाखाली एक डबा. डब्यात तारेची रिळं, बॅटऱ्या, कात्री, चिमटा, कापूस, आणि एक पितळी नळकांडं, म्हणजे काकांचं व्हेपचं यंत्र.

"सर, व्हॉट इज धिस?"

काका बोलायला लागले. इन्शुरन्सचा माणूस, काहीही लपवायचं नाही ही सवय! त्यांनी तारेची जाडी सांगितली, बॅटरी किती तापते ते सांगितलं, शॉर्ट झालं तर काय काय पेटू शकतं तेही सविस्तर सांगितलं. ऑफिसरचा चेहरा बदलत गेला. त्यानं दुसऱ्याला बोलावलं. काकू पुढच्या सीटवर पैठणी नेसून समोर बघत बसल्या होत्या. लग्नाची वेळ जवळ येत होती. काका सांगतात, त्या वेळी त्यांना ऑफिसरपेक्षा त्या पाठमोऱ्या अंबाड्याची जास्त भीती वाटत होती.

दुसरा ऑफिसर दाढीवाला, धिप्पाड. त्यानं नळकांड्याचं टोपण काढलं, आत टॉर्च मारला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सर, डिड यू बिल्ड धिस?"

"येस," काका पुटपुटले.

"युअर वायर इज ऑलमोस्ट टचिंग द वॉल. ट्रिम इट बिफोर यू यूज इट." त्यानं टोपण लावून दिलं. "एन्जॉय द वेडिंग!"

गाडीत बसून त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. "सोडलं गं बाई त्यानं!"

काकू समोरच बघत म्हणाल्या, "त्यानं सोडलं. मी अजून सोडलेलं नाही!"

* * *

आणि आता शैलेशचा. आम्ही हा सांगायला लागलो, की तो स्वतः अजूनही खोलीबाहेर जातो.

शैलेशचे वडील, आप्पा, सांगलीला हेडमास्तर होते. शैलेश कॉलेजात असताना त्याच्या शर्टाच्या खिशात त्यांना सिगारेट सापडली होती. ते ओरडले नाहीत, मारलं नाही. दिवाळीची अख्खी सुट्टी त्याच्याशी बोलले नाहीत. शैलेश म्हणतो, त्यापेक्षा मार परवडला असता.

तेच आप्पा आईवडिलांना मिळणाऱ्या लांब मुदतीच्या सुपर व्हिसावर मुलाकडे राहायला आले. शैलेश चाळिशी उलटलेला, केस पिकलेले, घराचा मालक. तरी त्यानं आपलं यंत्र गॅरेजमध्ये, हिवाळ्यासाठी काढून ठेवलेल्या समर टायर्सच्या मागे लपवलं! बायकोला, कीर्तीला, माहीत होतं. आप्पांना कळता कामा नये.

काही दिवसांनी तो रविवारी आला तो वैतागूनच. "लिक्विडचा टँक गळतोय. सकाळी भरून जातो, संध्याकाळी निम्मा. आणि कॉइलही लगेच जळतेय."

आम्ही कामाला लागलो. मी कापूस वाढवून दिला. हर्षदनं रबरी रिंगा बदलल्या. काकांनी नवी कॉइल बांधून दिली. काही फरक नाही. मग काका म्हणाले, यंत्राखाली टिश्यू ठेव, कुठून गळतं ते कळेल. पुढच्या रविवारी शैलेशनं तो टिश्यू टेबलावर ठेवला.

कोरडा ठणठणीत!

काकांनी तो उलटसुलट करून बघितला. मग हळू आवाजात म्हणाले, "शैलेश, हे गळत नाहीये. कुणीतरी ओढतंय."

कीर्तीला दमा. ती उदबत्तीही लावत नाही. राहिली सानिका, त्याची अकरावीतली मुलगी. नाव कुणीच घेतलं नाही, पण शैलेशचा चेहरा पांढरा पडला. आपण ज्या गोष्टीतून सुटायला धडपडतोय ती मुलीला लागली, आणि तीही आपल्याच गॅरेजमधून! तो कोट न घालताच बाहेर पडला.

घरी जाऊन त्यानं सानिकाला विचारलं. ती आधी बघतच राहिली. "बाबा, आर यू सिरियस राइट नाऊ?"

"खरं सांग, मी रागावणार नाही."

"वेट. यू व्हेप? अँड यू आर आस्किंग मी?" तिनं बॅकपॅक उचलून पलंगावर उपडी केली. वह्या, चार्जर, अर्धा खाल्लेला ग्रॅनोला बार. आणखी काही नाही. तरी त्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे दुसरीकडे ठेवलं असशील."

त्यानंतर सानिका त्याच्याशी बोलेनाशी झाली. ताट घेऊन खोलीत जायची. कीर्ती विचारायची, काय झालं, आणि आप्पा समोर असल्यामुळे याला सांगता यायचं नाही. तो रोज मला मेसेज करायचा, "टँक पुन्हा रिकामा." काका म्हणाले, कुलूप लाव. तो म्हणाला, "कुलूप लावलं तर मला कळणार कसं?"

त्याच आठवड्यात एका दिवशी जोराचा बर्फ सुरू झाला आणि दुपारीच सगळ्यांना ऑफिसातून घरी सोडलं. शैलेशनं जाताजाता सानिकाला शाळेतून घेतलं. ती पुढे बसली नाही. मागे बसली, हेडफोन लावून, खिडकीकडे तोंड करून.

ड्राइव्हवेत गाडी वळवून त्यानं गॅरेजचा रिमोट दाबला. दार हळूहळू वर जायला लागलं.

आधी दिसले लोकरी मोजे आणि त्यावर कोल्हापुरी चपला. मग कीर्तीचा जांभळा पार्का, तो जाड हिवाळी कोट. मग वाफेचा एक मोठा पांढरा ढग. आणि दार पूर्ण वर गेलं तेव्हा गाडीच्या हेडलाइटमध्ये, समर टायर्सच्या चवडीवर पाय सोडून बसलेले आप्पा!

सानिकानं हेडफोन काढले. "ओ माय गॉड. आजोबा!"

शैलेशचा हात रिमोटवर तसाच. त्यानं मागे वळून बघितलं. "सॉरी, सानू."

"वी विल टॉक लेटर," सानिका म्हणाली.

आप्पांनी घाई केली नाही. ते सावकाश उठले, पार्का झटकला आणि गाडीजवळ आले. शैलेशनं काच खाली केली. यंत्र त्याच्या हातात देत, हेडमास्तरांच्या आवाजात आप्पा म्हणाले,

"शैलेश, ही कॉइल जळली आहे. मी सोमवारपासून वाट बघतोय, तू बदलशील म्हणून!"