माझ्या चार्जिंगच्या वायरपाशी तिरडी थांबली

मित्रांनो, आज सकाळचं सांगते. अजून मान वर होत नाहीये.

हिंदी बोलणाऱ्या आमच्या घमापूर वस्तीतल्या गल्लीत कुणालाच पार्किंग नाही. आमच्या बाजूला नाली आहे, म्हणून माझी इलेक्ट्रिक कार समोरच्या भिंतीला उभी असते आणि वायर आमच्या वरच्या मजल्यावरून गल्ली ओलांडून जाते. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. हट्टाने हीच गाडी घ्यायला लावली होती.

काल शेजारचे दादाजी वारले. मला आज कामासाठी गाडी घेऊन बाहेरगावी, पाटनला जायचं होतं. अंत्ययात्रा दुपारी निघेल, असं धरून मी सकाळी चार्जिंग लावलं.

ती सकाळीच निघाली. वायर खांद्याच्या उंचीवर लोंबत होती. उचललेली तिरडी अशी मध्येच अडवू नये, पण ती अडली. मी वर आमच्या ग्रिलला वायर दोरीने बांधली होती आणि बाबांना गाठ सुटेना.

"काहून लावली आज? माहीत होतं ना तुले?" ते पुटपुटले.

खालून कुणीतरी ओरडलं, "दीदी, गाड़ी का पेट भर गया हो तो हम निकलें?"

तेव्हा खांदा देणारा दादाजींचा मुलगा शांतपणे म्हणाला, "रहने दो भैया, बाबूजी को अब कौन-सी जल्दी है."

टोमणा मी सहन केला. हे शांत बोलणं सहन नाही झालं.

ही गाडी घ्या म्हणून मी गल्लीभर सांगत फिरले आहे. पार्किंग नसलेले तुम्ही चार्जिंग कुठे करता? कुणाची वाट न अडवता खरंच जमतं का?