सुविधाने कापलेल्या ओळी

सुविधा शेटगावकर आमच्या मासिकात आली तेव्हा मी तिथं पानं लावायचं काम करत होतो. म्हापशात एका छापखान्याच्या माडीवर आमची कचेरी. ती पेडणे तालुक्यातल्या कोरगावची, रोज दोन बसगाड्या बदलून यायची. मालकांनी तिला आरोग्याची पानं दिली. वाचक आपली दुखणी लिहून पाठवत, ती पत्रं ती नीट करायची आणि आमचे डॉक्टर उत्तर लिहायचे. दोन पानी पत्र ती आठ ओळींत आणायची. तिचा हात त्यात बसला होता.

लाटंबार्सेहून चंद्रावती नावाच्या बाईची वर्षभरात तीन पत्रं आली. डोकं जड, जेवण जात नाही, झोप नाही. तिसऱ्यात तिनं लिहिलं होतं, ‘कळशी भरते आणि मग ती उचलायची कशाला तेच समजत नाही. आजचा माझा दिवस दुसऱ्या कुणी जगला तर बरं होईल.’ सुविधानं त्यावर रेघ मारली.

मी विचारलं तर म्हणाली, “गुरुदासबाब, यात दुखणं कुठं आहे? आणि जागा आठच ओळींची.”

रक्त तपासून घ्या, पालेभाज्या खा, असं उत्तर छापून आलं. चौथं पत्र आलं नाही. ते आलं नाही हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढे मालकांना पर्यटनात जाहिराती दिसल्या. मासिक प्रवासाचं झालं आणि सुविधा संपादक. सहा वर्षं ती धबधबे, देवळं, समुद्रकिनारे लिहीत हिंडली. तेवढी खूश मी तिला आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

२०१९च्या एप्रिलमध्ये काजूच्या हंगामावर लेख करायला आम्ही दोघं लाटंबार्सेला गेलो. फेणीच्या भट्टीवरून परतताना तिला पत्रांतलं ते नाव आठवलं. लोकांनी घर दाखवलं. चंद्रावती ओसरीवर खुर्चीत बसली होती, केस बारीक कापलेले. आम्ही नमस्कार केला, तिनं मान वळवली नाही. तिची मुलगी तनया बाहेर आली. वाळपईला कारकून होती, रविवार म्हणून घरी.

“आई बोलत नाही. आठ वर्षं होतील,” तनया म्हणाली. “आधी घाड्याकडे उतारा काढायला नेली, देवाला कौल लावले. मग हॉस्पिटलात. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलीत.”

सुविधानं आपण कोण ते सांगितलं. तनया ओसरीच्या पायरीवर बसली.

“तुमचा तो अंक आला तेव्हा मी नववीत होते. आईनं तीनदा वाचला आणि म्हणाली, ‘ह्यां पत्र माझां न्हय.’ आम्हाला वाटलं, नाव चुकलं असेल.”

“नाव चुकलं नव्हतं,” सुविधा म्हणाली. “ओळी मी काढल्या होत्या.”

तनयानं विचारलं, “चहा घेणार?” आम्ही घेतला. न घेता उठणं आणखी वाईट दिसलं असतं.

काजूचा लेख शेवटी मीच लिहिला. सुविधा पंधरा दिवस आली नाही. पुढच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये हॉटेलांच्या जाहिराती आटल्या, मालकांनी मासिकावरचं लक्ष काढलं आणि तिनं ते मनाच्या आजारांवर चालवायला घेतलं. स्वतः समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला. नियम एकच, पत्र आलं तसं छापायचं. वर्गणीदार सांगत, अंक साध्या पाकिटात पाठवा, पोस्टमनला कळता नये. डिचोलीतला दुकानदार तो बाकीच्या अंकांच्या मागे लपवून ठेवायचा.

पाळीहून एका बाईनं लिहिलं, खाण बंद झाल्यापासून नवरा दारातला रिकामा ट्रक रोज सकाळी धुतो, मग दिवसभर त्याच्यात बसून राहतो. सुविधानं नाव गाळून पत्र पूर्ण छापलं. ट्रकावरून गावानं घर ओळखलं. महिन्याभरात त्या बाईचा माहेराहून फोन आला. सासरच्यांनी तिला पोचती केली होती. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, “आता माझं पत्र छापू नका.”

फोन ठेवून सुविधा मला म्हणाली, “मला हे काम येत नाही, गुरुदासबाब.” मी समजूत घालायला हवी होती. मी पानं लावत राहिलो.

त्यानंतर दोन वर्षं अंक निघाले, दर वेळी थोडे पातळ. चंद्रावती तापानं गेली तेव्हा सुविधा लाटंबार्सेला जाऊन आली. २०२४ला मासिक बंद पडलं. तिला स्वतःला झोपेच्या गोळ्या चालू झाल्या होत्या.

आता ती दर गुरुवारी डिचोलीत एका ओळखीच्यांच्या खोलीत, कुणी मनातलं सांगायला आलं तर ऐकायला बसते. टेबल आणि दोन खुर्च्या, लिहून घ्यायला वहीसुद्धा नाही. मी अधूनमधून जातो. पहिले चार गुरुवार कुणीच आलं नाही. पाचव्या गुरुवारी मारुती नावाचा एक माणूस दारात आला, बेळगावकडचा, बांधकामावरचा.

“हितं बीपी बघत्यात का?” त्यानं विचारलं.

“नाही,” सुविधा म्हणाली.

त्यानं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. मग आत येऊन खुर्चीवर बसला. मी उठून बाहेर गेलो आणि दार ओढून घेतलं.