तुरे छाटलेला मका

मी कणीस सोललं आणि गौरीपुढे बसलेल्या सगळ्या बायकांना दिसेल असं वर धरलं. आत दाणेच नव्हते. नुसती पांढरी दांडी, आणि बुडाशी तीन-चार दाणे — बोळक्या तोंडात उरलेल्या दातांसारखे.

“अगो बाय,” माझी नणंद हिरा म्हणाली, “यो काय झाला गो?”

“काय व्हायचाय? पेरणारीचा हात,” मी म्हणाले. “जिच्या पोटाला धरला नाय, तिच्या मक्याला कुठून धरंल?”

बायका हसल्या. एक-दोघींनी पदर तोंडाला लावला, पण हसल्याच.

पेरणारी म्हणजे माझी सून, वनिता. ती समोरच उभी होती, हातात सूप घेऊन. आमच्यात सुना गौरीला ओवसा देतात — सुपात काकडी, फळं, पानं, घरचं जे पिकलं असेल ते ठेवून गौरीला ओवाळतात. त्या वर्षी तिने स्वतः पेरलेल्या मक्याची कणसं हिरव्या सालीसकट मांडली होती. मोठ्या हौसेने. सालीवरून आत काय आहे ते कळतं थोडंच? मला मात्र कळत होतं. म्हणून तर मी तिच्या सुपातलं कणीस उचललं.

दाणे का भरले नाहीत, ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आज सांगते. चौथीपर्यंत शिकले आहे, लिहायला जमेल तसं लिहिते.

याला दहा-बारा वर्षं झाली असतील. आमचं घर बदलापूरला, कुळगावात. शेती विकली, तिथे बिल्डिंगा आल्या, घरामागे तेवढी परसाची जागा उरली. वनिता अंबरनाथची, चाळीत वाढलेली. तिला मातीचं काय कळणार, असं मला वाटायचं. पण तिला हौस होती. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये कापड घ्यायला गेली आणि येताना बियांचं पाकीट घेऊन आली. स्वीटकॉर्न. दुकानदार सिंधी होता, त्याने तिला नीट समजावलं होतं — एका रांगेत लावू नका, चौकोनात दाट लावा, म्हणजे कणीस भरतं. ते बी बघून मी हसले. गुलाबी औषध चोळलेले, सुरकुतलेले दाणे. “मेलेला बी दिलाय तुला,” म्हटलं. ती म्हणाली, “नाही आई, गोड मक्याचं बी असंच असतं.”

तिचंच खरं होतं. सगळं बी उगवलं. सकाळी कामावर जाण्याआधी ती मातीची भर द्यायची, संध्याकाळी आल्यावर चप्पल न काढता आधी परसात जायची. मका माझ्या खांद्याला लागला. मला ते बघवेना. का बघवेना? मक्याने माझं काय घोडं मारलं होतं?

मक्याचं काही नव्हतं. गोष्ट महेशची होती. महेश माझा एकुलता एक. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. दोघं डॉक्टरकडे जाऊन आली आणि महेश मला स्वयंपाकघरात एकटीला गाठून म्हणाला, “आई, दोष माझ्यात आहे. वनिताला काही बोलू नकोस.” रडला. एवढा बाप्या माणूस, पिठाच्या डब्यावर डोकं टेकून रडला. वनिताला हे ठाऊक होतंच. तरी नात्यातल्या बायका तिला टोमणे मारायच्या आणि ती ऐकून घ्यायची. एकदाही तिने नवऱ्याचं नाव पुढे केलं नाही. याचं मला कौतुक वाटायला हवं होतं. मला भीती वाटली. आज गप्प आहे, उद्या बोलली तर? आणि त्यातच हिरा एकदा सहज म्हणून गेली, “महेशला पण दाखवा गो कुणाला. हल्ली पुरुषांचाच दोष निघते.”

त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं. माझ्या मुलाकडे कुणी बोट दाखवायच्या आत तो दोष तिच्यावर पक्का बसवायचा — असं मी ठरवलं. ठरवून केलं. रागाच्या भरात झालं, असं मी म्हणणार नाही.

आमच्या वेळी मका गुरांना असायचा. कणीस भरून त्याचे केस वाळले की शेंडे छाटायचे आणि गुरांपुढे टाकायचे. पण केस वाळल्यावर. तुऱ्यातली भुकटी केसांवर पडते, तेव्हा आत दाणा धरतो. त्याआधी तुरा छाटला तर कणीस वांझ राहतं. हे मला लहानपणापासून माहीत. वनिताला कुठून माहीत असणार?

तुरे पानांच्या गाभ्यातून नुकते डोकं काढत होते. मी परसाच्या दारात उभी राहिले आणि गोड आवाजात म्हटलं, “वनिता, ते तुरे छाटून टाक. सगळा जोर वर जातोय. छाटलास की जोर कणसात उतरेल.”

ती म्हणाली, “दुकानदार काही बोलला नाही तसं.”

“त्याने कधी नांगर धरलाय?”

ती हसली. म्हणाली, “हो, ते पण खरं.” आणि विळा घेऊन आली.

मी एकाही तुऱ्याला हात लावला नाही. तिच्याच हाताने छाटायला लावले. नवा तुरा दिसला की रोज दाखवायचे — तो बघ, तो राहिला. ती टाचा उंचावून छाटायची. चारी बाजूंना बिल्डिंगा, दुसऱ्या कुणाचा मका जवळपास नाही. भुकटी येणार कुठून? वर म्हणायचीही, “बरं झालं आई, तुम्ही सांगितलंत.”

आणि मग गौरी आल्या. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

एक राहिलं. मी बोलले तेव्हा महेश दारातच होता, आरतीचं ताट घेऊन. वनिताने त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. एक शब्द त्याने काढायचा होता. त्याने ताटातला विझलेला कापूर सारखा केला. तिने सूप पाटावर ठेवलं, गौरीच्या पाया पडली, आणि — हे मला अजून कळत नाही — माझ्याही पाया पडली.

गावाला शब्द पुरतो. हिराने तो घरोघर नेला. पुढे शेजारच्या मुलीची हळद होती. वनिताने हळदीच्या वाटीकडे हात नेला, तशी मुलीच्या आईने वाटी उचलून दुसरीकडे दिली. भांडण नाही, काही नाही. “राहू दे गो, तुझी साडी खराब होईल.” वनिताचा हात तसाच पुढे राहिला. मी समोर बसून बघत होते. मला वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं. काम फत्ते झालं, असं वाटलं.

तिने परसात पुन्हा काही पेरलं नाही. थोड्या महिन्यांनी माहेरी गेली आणि आली नाही. महेश आणायला गेला नाही, मीही जा म्हटलं नाही. पुढे कायद्याने सुटली. जाताना, नंतर, कोर्टात — कुठेच तिने महेशची खरी गोष्ट सांगितली नाही. सांगितली असती तर गावाने ऐकली असती का, ते मला माहीत नाही. महेशचं नाव आजही स्वच्छ आहे. तो माझ्याजवळ राहतो, वेळेवर जेवतो, कामापुरतं बोलतो. तुरे मी छाटायला लावले, हे त्यालाही ठाऊक नाही.

वनिता जिवंत आहे, म्हणून हे आता लिहिते. अंबरनाथला आईच्या चाळीत राहते, कंपनीत पॅकिंगला जाते.