दुपट्ट्याखालचा भाव

जगातली कोणतीही वस्तू आमच्या इवायांपुढे ठेवा, चहा निवायच्या आत ती निम्म्या किमतीची होते. इवाई म्हणजे व्याही, माझ्या सुनेचे वडील. आमच्या वऱ्हाडात असंच म्हणतात आणि मीही तसंच लिहिणार. शुद्ध लिहायला गेले तर ते गृहस्थ माझ्या ओळखीचेच राहायचे नाहीत. वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरकडचं गाव त्यांचं. उभा जन्म बैलबाजारात हेडी म्हणून गेला, म्हणजे बैलांचे सौदे जुळवून देणं हाच धंदा. आता ट्रॅक्टर आले, बाजार ओसरले, बैल दिसेनासे झाले, पण ह्या माणसाची नजर काही बैलावरून उठली नाही. माझ्या पोराने नवी मोटारसायकल आणली तर हे तिच्याभोवती दोनदा फिरले, मागच्या चाकावर थाप मारली आणि म्हणाले, "मागून दबली हाय. वझं नाई ओढाची." वाशीमला डॉक्टरकडे नेलं, तर डॉक्टर ह्यांचा घसा तपासतोय आणि हे डॉक्टरचे दात! बाहेर आल्यावर मला सांगतात, "इहीनबाई, आताच जुळला दिसते तो. त्याले काय समजते?" बैलाचे सगळे दात आले की तो जुळला म्हणतात. डॉक्टरच्या हातावर फी ठेवून आलेली मी, काय बोलणार!

पोरगी द्यायची म्हणून पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हाचं सांगते. पाहुण्याने कसं गोड बोलावं! हे दारातूनच सुरू झाले. विहिरीत डोकावून म्हणाले पाणी जड आहे. आमचा वांग्याचा मळा पाहून म्हणाले, झाडं नुसती अंगाने वाढली. माझा मुलगा पोह्यांच्या बशा घेऊन आला, तर त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून म्हणतात, "पोरगा जरासा बसका वाटते." बसका म्हणजे जू मानेवर ठेवलं की खाली बसणारा बैल. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आदल्या आठवड्यात ह्यांनीच दुसरं एक स्थळ पाहिलं होतं आणि त्या पोराची गावभर तारीफ केली होती, हे आमच्या कानावर होतं. मी आत जाऊन म्हटलं, जाऊ द्या, तिकडेच देतील. पण संध्याकाळी निरोप आला, पोरगी तुमच्याकडेच द्यायची आहे. मला वाटलं, माणूस नुसता तोंडाळ नाही, डोक्यानेही जरा हललेला आहे.

त्याच दिवशी त्यांच्या नजरेला ती रायफल पडली.

रायफल आमच्या ह्यांची. मळ्यात रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, इतका धुमाकूळ घालायची की रात्री लावलेलं सकाळी सापडायचं नाही. म्हणून रीतसर लायसन काढून ह्यांनी एका म्हाताऱ्या शिकाऱ्याची वापरलेली रायफल विकत घेतली. घेतली तेव्हापासून गाव म्हणायचं, फसले. आता खरं सांगायचं तर हे बार हवेतच काढायचे. डुकरं पळायची, हे खूश व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर बसून तिला तेल-फडकं करत बसायचे. आमच्या लग्नातल्या भांड्यांनासुद्धा कधी तेवढा हात लागला नसेल. मनुष्य साधा, कपडा साधा, जगात मिरवायला एवढी एकच वस्तू.

आणि इवायांनी नेमकी तीच धरली. जन्मात कधी बंदुकीचा घोडा ओढलेला नाही, पण मत पक्कं. "इवाई, गोऱ्ह्याच्या भावात म्हातारा बैल बांधला तुमच्या गळ्यात. पाहा, वशिंड उतरलं हिचं." वशिंड म्हणजे लाकडी दस्ता! पुढे सोयरीक झाली, येणंजाणं वाढलं, आणि दर खेपेला पाय धुतले की इवायांची पहिली फर्माईश, "काढा बरं ते लोखंड बाहेर." मग दुपट्ट्याने हात पुसायचे, मांडीवर आडवी घ्यायची, नळीत फुंकर मारायची, दस्त्यावरच्या लाकडाच्या गाठीला बैलाच्या अंगावरचा अशुभ भोवरा म्हणायचं आणि दुपारभर तिच्या खोडी काढायच्या. आमचे हे हसायचे. मी स्वयंपाकघरात भाकरी जरा जोरात थापायची. एकदा न राहवून बाहेर येऊन म्हटलं, "इतकी वाईट हाय तं पाह्यता कायले जी घडीघडी?" तर म्हणाले, "खोड कळत नाई तवरोक पाहा लागते, इहीनबाई."

दोन वर्षांपूर्वी आमचे हे वारले. रायफल ठाण्यात जमा झाली. कचेरीतून विकायची परवानगी मिळाली, पण घेणारा लायसनवाला पाहिजे आणि तोही मुदतीत; नाही तर सरकारजमा, आणि मग तिचं भंगार. पैशाचं मला एवढं नव्हतं. पण भंगारात गेली असती तर इवायांचं बोलणं खरं ठरलं असतं, आणि माघारी आमच्या ह्यांना खोटं पडलेलं मला पाहवलं नसतं. मी मनात एक आकडा धरला होता. त्याच्या खाली द्यायची नाही, असं ह्यांच्या फोटोपुढे बोलूनही ठेवलं होतं.

गिऱ्हाईक मिळालं ते मंगरूळपीरकडचं. बागाईतदार माणूस, लायसन खिशात, डुकरांनी आमच्यासारखाच गांजलेला. तो म्हणाला, "काकू, घेतो मी. पन सौद्याले तुमचे इवाई पाह्यजेत. माह्या बापानं सगळे बैल त्याईच्याच हातानं घेतले." घ्या! ज्याला चार कोस लांब ठेवायचं, त्यालाच गाडीभाडं देऊन बोलवायची पाळी आली. मी बजावलं, "हे पाहा, तोंडातून चांगलं निघत नसन तं मुके राहा. बाकी काई नाई मांगत तुमाले." ते म्हणाले, "मी कायले बोलतो?"

ठाण्याच्या व्हरांड्यात हवालदाराने रायफल टेबलावर ठेवली मात्र, इवायांचं तोंड सुटलं. "आरे, हे काय जनावर हाय का सांगाडा? दस्त्याले चीर गेली पाहा. बोल्ट आखडते, संधिवात हाय. अन् बार कधीकधी बसते बरं, उडतच नाई, आमचे इवाईच सांगत होते." एकेक खोड ते बोट लावून दाखवत होते. मी पदर तोंडात धरून बसले होते, नाही तर ठाण्यातच तोंडून काहीतरी गेलं असतं. पण गंमत अशी की जसजशी ही निंदा वाढली, तसतसं ते गिऱ्हाईकच रायफलची बाजू घ्यायला लागलं. "असं काहून म्हन्ता बापूजी? नळी तं आतून आरशावानी हाय. चीर तं वरच्या वर दिसते."

"तुले दिसते. हात आन इकडं."

आणि इवायांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याच्या हातावर टाकला. बैलबाजाराची ही जुनी रीत. भाव तोंडाने बोलायचा नाही. कापडाखाली एकमेकांची बोटं धरायची, आणि कितीला ठरलं ते त्या दोघांनाच माहीत. वर तोंडाने निंदा चालू, खाली बोटं चालू. हवालदार खुर्चीवरून उठलाच. "ओ बाबा! ठान्यात दुपट्ट्याखाली काय देऊन राह्यले? बाहेर काढा हात!" इवाई जागचे हलले नाहीत. "भाव देऊन राह्यलो साहेब. तुमाले पाह्यजे असन तं तुमीबी बोट घाला." व्हरांड्यातले सगळे हसले, हवालदारही हसला, आणि तेवढ्यात गिऱ्हाईकाने मान हलवली. सौदा झाला होता.

सोबत आलेल्या माझ्या पोराने पैसे मोजले. माझ्या मनातल्या आकड्यापेक्षा बरेच जास्त होते. मी दुसऱ्यांदा मोजायला लावले. तो बागाईतदार रायफलकडे असा पाहत होता की मला ओट्यावरचे आमचे हेच आठवले. भोळ्या माणसाला लुबाडलं की काय, अशी उलटी धास्ती मला वाटली.

ऑटोत मी विचारलं, "हा रास्त भाव झाला का जी?"

"घेनाऱ्याले जरासा जास्त वाटला अन् देनाऱ्याले जरासा कमी, म्हंजे झाला रास्त भाव."

"मले तं कमी नाई वाटला."

"मंग चुकलो मी," म्हणाले, आणि बाहेर पाहायला लागले.

मी सोडते होय? "एवढा भाव होता हिचा, तं जलमभर आमच्या ह्याईले कायले हिनवलं? लोखंड काय, म्हातारा बैल काय!"

ते बाहेर पाहतच म्हणाले, "बजारात बैलाले चांगला म्हनून पुढं कोन जाते, इहीनबाई? ज्याले घ्याचा नसते तो. ज्याले घ्याचा असते तो खोडी काढत उभा राह्यते." आणि हळूच म्हणाले, "तुमच्या घरी तं मी लयच उभा राह्यलो."

दुपट्टा अजून त्यांच्या हातातच होता. त्याला बंदुकीच्या तेलाचा वास येत होता, ह्यांच्या दुपारच्या ओट्यासारखा.

अजूनही येतात. आता गुडघे धरून येतात. पाय धुतात, ज्या कोपऱ्यात ती असायची तिकडे सवयीने पाहतात, आणि मागायला काही उरलं नाही म्हणून नुसते बसतात. मी चहा देते. एक घोट घेऊन तोंड वाकडं करतात. "हा चहा हाय का बैलाचं पानी?" म्हणतात, आणि रिकामा कप माझ्याकडे सरकवतात. पहिल्यासारखी मी चिडत नाही. शिव्या जरा कमी वाटल्या, तर उलट विचारते, "काहून, आज बरं नाई का जी?" आणि कप पुन्हा भरते.