आमच्या मैदानावरचा खो

माणूस भेटला की बाई आधी त्याच्या पायांकडे बघायच्या. चेहऱ्याकडे नंतर. तुम्ही समोर उभे, नमस्कार केलेला, आणि त्यांची नजर तुमच्या चपलांवर. टाचा, बोटं, चप्पल कुठल्या बाजूनं झिजली आहे, वजन कुठल्या पायावर आहे, हे सगळं बघून झालं की मग मान वर. "पाय खोटं बोलत नाई," असं त्या म्हणायच्या. पस्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत खेळ शिकवलेल्या बाईला ही सवय असणारच. पण पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटायचं, आपल्या चपलेला काही लागलं आहे की काय.

मलाही तसंच वाटलं होतं. नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावापासून जवळच एका वाचनालयात मी तेव्हा नोकरीला होतो. मार्च संपत आला होता. उन्हामुळे दुपारी वाचनालयात मी आणि पंखा, दोघंच असायचो. बाई आल्या आणि त्यांनी पहिलीच्या मराठीच्या जुन्या पुस्तकांच्या वीस-बावीस प्रती मागितल्या.

"नातवंडं आहेत का?" मी विचारलं.

"नाई. पोट्टे हाये. सर्वात लहान नऊ वर्षांचा, सर्वात मोठी सोळाची."

सोळा वर्षांची मुलगी पहिलीचं पुस्तक काय करणार, हे मला कळेना. तेव्हा त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि सांगितलं. कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या खोल्यांमध्ये काही कुटुंबं राहायला आली होती. सिंधमधली. तीर्थयात्रेच्या व्हिसावर आली आणि परत गेली नाहीत. कागदपत्रं सरकारदरबारी अडकलेली. आईबाप मिळेल ते काम करत होते, पण मुलं घरात बसून होती. तिकडच्या शाळेचा दाखला नाही आणि मराठीचं एक अक्षर येत नाही, म्हणून इथली कुठलीच शाळा त्यांना घेत नव्हती.

"लिहिता येते त्याह्यले," बाई म्हणाल्या. "पण उजवीकडून डावीकडे. आता हात वळवा लागन."

एवढं सांगून त्यांनी माझ्या पायांकडे एकदा पाहिलं. "दिवसभर बसूनच राहतोस का गा? सोमवारी सकाळी सहा वाजता बुद्धविहारामागच्या मैदानावर येजो. साडेदहापर्यंत मोकळा करते तुले."

वाचनालय अकराला उघडायचं, हे त्यांनी दारावरच्या पाटीवर वाचलं होतं. मला कारण सांगायला जागाच उरली नाही.

त्यांच्या उन्हाळी शिबिराची तयारी म्हणजे मैदान आखायची पांढरी फक्की, पाण्याचे दोन माठ, एक फळा आणि विहाराचा हॉल. सहा ते आठ खेळ. मग ऊन चढायच्या आत सगळ्यांनी हॉलमध्ये शिरायचं आणि लिहायला-वाचायला बसायचं. ते शिकवणं माझ्याकडे आलं. बाईंचे यजमान लाइनमन म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी घरचा कूलर हॉलमध्ये आणून बसवला होता. मधल्या सुट्टीत पोहे तेच वाटायचे. पोह्यांवरच्या त्यांच्या तिखट तर्रीपुढे त्या सिंधी मुलांच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण एकही मूल पातेल्यासमोरून हलत नसे.

हॉल सहज मिळाला, असं समजू नका. विहाराच्या समितीत रामटेकेजी म्हणून एक जुने सभासद होते. फार शिस्तीचे. त्यांनी बाईंना सगळ्यांसमोर विचारलं, "पाकिस्तानातले पोट्टे आपल्या विहारात काहून? उद्या पोलीस आले तर?"

"पोलिसांकडे नाव लिहूनच राहून राहिले ते इथे," बाई म्हणाल्या. "बाकी मी काही सांगत नाई. उद्या सकाळी या अन् पाहा."

रामटेकेजी दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना आले. भिंतीला टेकून उभे राहिले. मुलांचे दोन संघ आणि बाई एकट्या पंच, त्यामुळे वेळ कोणी बघत नव्हतं. पहिला डाव नऊ मिनिटांऐवजी बारा मिनिटं चालला. रामटेकेजींना ते सहन झालं नाही. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतःची शिट्टी घेऊन आले. त्यानंतर एकाही उन्हाळ्यात त्यांनी शिबिर चुकवलं नाही, आणि पोलिसांची गोष्टही पुन्हा काढली नाही.

मुलांमध्ये जमना नावाची तेरा वर्षांची एक मुलगी होती. वडील एका कापडदुकानात तागे उलगडायचं काम करत. जमना पळायला लागली की बाई बोलणं अर्धवट सोडून बघत राहायच्या. पण ती फक्त पळायची. खो-खोत पाठलाग करणाऱ्यांच्या रांगेत बसायची वेळ आली की ती मैदानाबाहेर जाऊन उभी राहायची. एकदा मुलींनी ओढून बसवली. मागून एकीनं पाठीवर थाप मारून खो दिला, तशी जमना उठण्याऐवजी दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली वाकली. तशीच बसून राहिली.

सगळे थांबले. मी पुढे व्हायला लागलो, तर बाईंनी मला हातानंच अडवलं. त्या तिच्याजवळ गेल्या नाहीत, तिला काही विचारलंही नाही. रामटेकेजींना शिट्टी वाजवायला सांगितली आणि सगळ्यांना पाणी प्यायला पाठवलं. मुलं परत आली तेव्हा त्यांनी नवा नियम सांगितला. "आजपासून आपल्या मैदानावर खो तोंडानं द्यायचा. हात लावायचा नाई. जोरात खो म्हणा, बसलेला आपला आपण उठन."

रामटेकेजी अस्वस्थ झाले. "बाई, असा नियम नाही खो-खोचा."

"आपल्या मैदानाचा हाये," बाई म्हणाल्या. पुढे त्या स्वतः रांगेत बसल्या. त्यांचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते. खाली बसताना त्यांच्या तोंडातून बारीक आवाज निघाला, तो मी ऐकला. रोज त्या रांगेत एक डाव बसायच्या आणि जमना बाहेरून बघायची. पंधरा-सोळा दिवसांनी एका सकाळी बाईंच्या शेजारची जागा रिकामी होती. जमना आली आणि तिथे बसली. बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागून खो आला, जमना उठली आणि तिनं पहिल्याच झेपेत गडी बाद केला. त्यानंतर रामटेकेजींची शिट्टी जरा लांबली होती, एवढं मला आठवतं.

माझ्या हातूनही एक चूक झाली, तीही सांगायला हवी. मुलं चार ओळी लिहायला लागली तेव्हा मी हुरूपानं फळ्यावर विषय लिहिला, 'माझे गाव'. शाळेत आपण सगळ्यांनीच लिहिलेला निबंध. पाच मिनिटांनी बघतो तर निम्म्या मुलांनी पेन्सिली खाली ठेवलेल्या. एक लहान मुलगा वहीवर डोकं टेकून बसला होता. बाई आत आल्या, फळा पाहिला, पुसला आणि त्या जागी लिहिलं, 'मी आज काय खाल्लं'. मुलं पोह्यांबद्दल लिहायला लागली.

मुलं गेल्यावर माठाजवळ त्या मला म्हणाल्या, "गाव सुटलेल्या पोट्ट्याह्यले तू गावच मागतलं गा."

मी माठावरचं झाकण उगाच सरळ करत राहिलो.

"तिकडे काय झालं ते आपण इचारायचं नाई. त्याह्यले वाटन तवा सांगतीन. तवा काम सोडून आयकायचं." मग माझा चेहरा बघून त्यांनी आवाज बदलला. "जाऊ दे. अक्षर चांगलं शिकवतोस तू. चाल, माठ उचलू लाग."

जून संपत आला आणि शाळा उघडल्या. मुलांना शाळेत बसवणं हेच त्या शिबिराचं खरं काम होतं. बाई एकेका मुलाला आणि त्याच्या बापाला घेऊन शाळांचे उंबरे झिजवत होत्या. जमनाच्या वेळी मीही बरोबर होतो. मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि मग म्हणाल्या, "शाळा सोडल्याचा दाखला नाही, जन्माचा दाखला नाही. मी हिला कुठल्या वर्गात दाखवू? वर मलाही उत्तर द्यावं लागतं."

जमनाचे वडील टोपी हातात घेऊन उठायलाच लागले. त्यांना अशा खोल्यांमधून उठायची सवय झाली होती. बाईंनी त्यांच्या बाहीला धरून खाली बसवलं.

वयाप्रमाणे वर्गात घ्यावं, असा सरकारचा कागद बाईंच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेला असायचा. तो त्या आता काढतील, असं मला वाटलं. त्यांनी काढला नाही.

"मॅडम, माझा बाप गावच्या शाळेत वर्गाच्या बाहेर बसून शिकला," त्या म्हणाल्या. "खिडकीखाली. पाऊस आला का घरी जाय म्हणत. त्याच्यापाशी दाखला होता, जागा नव्हती. नागपूरले दीक्षा घेतली तवा तो गावच्या लोकाह्यसंग पायी आला होता, सोळा-सतराचा होता. मंग शिकला, कारकून झाला. मी मास्तरीण झाली ते त्याच्यामुळे. हे पोट्टी वर्गाच्या बाहेर राहिली ना, तर मले घरी जाऊन त्याच्या फोटोसमोर उभं राहायले जमणार नाई. एवढंच हाये माझं."

मुख्याध्यापिकांनी हातातला पेपरवेट खाली ठेवला. मग त्यांनी जमनाला जवळ बोलावलं आणि बाहेरच्या भिंतीवरची पाटी वाचायला सांगितली. जमना दाराशी गेली. एकेका अक्षरावर थांबत तिनं वाचलं, "शाळे-च्या भिं-ती-वर थुं-कू नये." मग मागे वळून तिनं खरोखरच्या काळजीनं विचारलं, "कौन थूकता है, मॅडम?"

मुख्याध्यापिकांना हसू आवरेना. तीन दिवसांत हमीपत्र आणून द्या, सातवीत बसवते, असं त्या म्हणाल्या. हमीपत्रावर वडिलांच्या खाली 'ओळखीची व्यक्ती' म्हणून बाईंनी सही केली. बाहेर आल्यावर जमनाचे वडील आभार मानायला हात जोडू लागले. बाईंनी त्यांना मध्येच थांबवलं. "बूट घेऊन द्या हिले. पाय वाढून राहिले पोट्टीचे."

त्या वर्षी चार मोठी मुलं सोडून बाकी सगळी शाळेत गेली. पुढच्या उन्हाळ्यात आणखी नवी कुटुंबं आली, आणि आधीची मुलं नव्यांना शिकवायला लागली. जमनाचं मराठी मात्र सगळं बाईंकडून उचललेलं. शाळेतल्या मराठीच्या शिक्षिकेनं एकदा तक्रार केली, की ही मुलगी वर्गात "मॅडम, काहून वं?" असं विचारते. बाईंनी ते ऐकलं आणि त्यांना फार आनंद झाला. "तिले सांगजो, पेपरात 'का' लिहायचं. घरी 'काहून' म्हणायचं."

अशी सहा शिबिरं झाली. सहाव्या वर्षी बाईंना रांगेत बसता येईना. त्या खुर्ची टाकून बसायच्या आणि तिथूनच ओरडायच्या. यजमानांना शेतीची हौस होती आणि पारशिवनीला बाईंच्या भावाची थोडी जमीन. तिकडे जाऊन राहायचं ठरलं. बाई हे आम्हाला सांगताना रडतील असं आम्हाला वाटलं होतं. त्या यादी घेऊन आल्या. फक्की कुठून आणायची, कुठल्या मुलाला बदाम चालत नाहीत, कुठल्या मुलीच्या आईला आधी भेटायचं. यादीच्या शेवटी लिहिलं होतं, 'खो-खो : जमना'.

जमना आता बारावीत आहे. तिच्या घरच्यांना गेल्या वर्षी नागरिकत्वाचे कागद मिळाले. ती सकाळी सहाला येऊन फक्की मारते, आणि रामटेकेजींना उशीर झाला तर त्यांच्या तोंडावर सांगते. खो अजून तोंडानंच द्यायचा असतो. बाहेरचा कोणी शिक्षक आला आणि त्यानं नियम दाखवला, की मुलं एका सुरात म्हणतात, "आपल्या मैदानाचा हाये."

बाई पारशिवनीला गेल्या त्या दिवशी आम्ही सगळे बसस्टँडवर गेलो होतो. सकाळची वेळ होती, आणि शिबिर सोडून आलो म्हणून त्यांनी आम्हाला आधी झापलं. यजमान कूलर बसच्या टपावर चढवण्यात गुंतले होते. मुलींनी बाईंना वाकून नमस्कार केला, जमनानं पिशवी आत नेऊन ठेवली. बाई खिडकीजवळ बसल्या आणि बस सुरू झाली. आम्ही सगळ्यांनी हात वर केले.

बाईंनी आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही. शेजारच्या सीटवर एक आई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. बाई तिच्याकडे पूर्ण वळल्या होत्या, बोटं मोजत काहीतरी विचारत होत्या, आणि ती आई मान हलवून उत्तर देत होती. बस वळणावर दिसेनाशी झाली, तोवर ती मुलगी आईच्या मांडीवरून उतरून बाईंच्या पुढ्यात उभी राहिली होती, आणि बाईंची मान तिच्या पायांकडे झुकली होती.