उखळाच्या तालावरचा अल्बम

आमच्या घरात संगीताचा वारसा म्हणजे नवरा आंघोळीला गेला की बादलीवर ताल धरतो, तेवढाच. त्यामुळे शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवणारी मी एक दिवस लॅपटॉपवर संगीत करायला बसले, तेव्हा घरात कुणाला काही बोध होईना. इलेक्ट्रॉनिक म्हटल्यावर सासूबाईंना वाटलं, मी पंखा दुरुस्त करणार आहे.

मागची खोली मी ताब्यात घेतली. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. डाग पडलेले, कडा उसवलेले टॉवेल त्याने गठ्ठ्याने आणून दिले. आवाज घुमू नये म्हणून ते मी भिंतींना ठोकले, आणि खोली न्हाव्याच्या दुकानासारखी दिसायला लागली. त्या टॉवेलांत बसून मी कित्येक महिने समुद्रासारखे आवाज काढत होते. समुद्र मी पाहिलाय तो लग्नानंतर एकदाच, आणि तोही ओहोटीचा. माझं संगीतही तसंच झालं होतं. सगळं मागे मागे सरकत होतं आणि ऐकताना मलाच पेंग येत होती.

एका रविवारी मी हेडफोन काढले आणि टॉवेलांमधून परसातला आवाज आला. सासूबाई शेंगाचटणी कुटत होत्या. टेंभुर्णीजवळच्या त्यांच्या गावाहून आणलेलं दगडी उखळ आमच्या मागच्या दारात पुरलेलं आहे. चटणी मिक्सरमधून काढणाऱ्या बाईला त्या माणसात धरत नाहीत. धप्प, धप्प, धप्प, मग कडेची चटणी बोटांनी आत ढकलायला थोडा थांबा, मग पुन्हा धप्प. थांबा कधी आखूड, कधी लांब. पुढचा घाव कधी पडेल याचा नेम नाही, पण पडला की वाटायचं, इथेच पडायला हवा होता. मी फोन घेऊन धावले.

"आई, कुटत राहा."

"न्हाय तर काय करू? तू कुटणार हायेस व्हय?"

ते कुटणं मी माझ्या ओहोटीखाली घातलं आणि पेंग उडाली. संध्याकाळी त्यांच्या कानावर हेडफोन चढवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला.

"हे माजंच हाय?"

"हो."

"लई जोरात कुटती की मी."

इथून घोटाळा सुरू झाला. पुढच्या रविवारी सासूबाई इस्त्रीचं लुगडं नेसून उखळापाशी बसल्या. आता मुसळ वर जाताना झोकात जायचं आणि खाली लग्नाच्या बँडसारखं ठरल्या वेळेला पडायचं. थांबे गायब. मी म्हटलं, "आई, नेहमीसारखं कुटा."

"नेहमीसारखं म्हंजे कसं?"

ते त्यांना खरंच आठवेना. मुसळ हातात घेतलं की समोर फोन दिसतोय, म्हणाल्या. चार रविवारच्या कुटण्याचा नुसता लगदा झाला. तो आम्ही भाकरीबरोबर गपगुमान खाल्ला, कारण कलेसाठी काहीतरी सोसावं लागतं म्हणतात.

शेवटी नवऱ्याने युक्ती काढली. कुटणं चालू असताना त्याने सहज त्यांच्या जावेचा विषय काढला. वाटणीच्या वेळी तांब्याचा मोठा हंडा त्या जाऊबाईंकडे गेला होता. "तिनं काय रडून घेतला का तो?" असं त्याने विचारलं मात्र, आणि सासूबाईंना फोनचा विसर पडला. चौथा ट्रॅक आख्खा त्या हंड्यावर उभा आहे. त्यात मधूनमधून ज्या शिव्या होत्या त्या काढायला मला आठवडा लागला. एक राहिलीच. ऐकणाऱ्यांना ते वाद्य वाटतं.

अल्बमचं नाव ठेवलं 'तेल सुटेपर्यंत', कारण शेंगाचटणी कुटायची ती दाण्याला तेल सुटेपर्यंत. ऑनलाइन टाकला आणि काहीच झालं नाही. मग कुठल्याशा परक्या देशातल्या माणसाने विचारलं, हा ठेका कुठल्या मशीनवर केलाय? मी सासूबाईंना वाचून दाखवलं.

"मशीन म्हनला?"

"हो."

"त्याला लिव, मशीन तुज्या घरी."

मी जरा सभ्य भाषेत लिहिलं. दुसऱ्या एकाने लिहिलं होतं, शेजारी फरशी फोडायचं काम चाललंय असं वाटतं. तेही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, त्याचं शेजार खराब असंल.

माझा दीर टेंभुर्णीत लग्नाला साउंड सिस्टीम लावतो. त्याने गाडीत बसून सगळा अल्बम ऐकला आणि फोन केला, "वहिनी, आवाज झकास हाय. पर गाणं कवा चालू हुतंय?" तरी घरचीच कला म्हणून एका नात्यातल्या हळदीला त्याने चौथा ट्रॅक लावायचं कबूल केलं.

हळदीच्या दिवशी दुपारभर पोरं नाचत होती. मधेच आमचा ट्रॅक लागला. हात वर केलेली पोरं हात वर करूनच उभी राहिली. नवरीचा मामा दिराकडे आला आणि म्हणाला, "लाइट गेली का?"

बायकांच्या खुर्च्यांमधून सासूबाई उठल्या. "लाइट न्हाय गेली. ते मी हाय," म्हणाल्या. मामाला काही कळलं नाही. कळायची वाट न बघता त्या मांडवाच्या मध्यावर गेल्या. नाचणं त्यांनी जन्मात केलेलं नाही, म्हणून त्यांनी दोन्ही हातांत नसलेलं मुसळ धरलं आणि कुटायला लागल्या, चेहरा एकदम कामाचा. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं आणि नजरही हटत नव्हती. थोड्या वेळाने आणखी दोन म्हाताऱ्या उठल्या आणि हवेतच कुटू लागल्या. पोरांनी मोबाइल काढले. एकीला ठेका सापडेना, तर सासूबाईंनी तिचा हात धरून दाखवला, हितं न्हाय, आता, हितं.

मग दिराने नेहमीचं गाणं लावलं आणि मांडव भरून गेला. धंदा त्यालाही करायचाच होता.

परतताना सासूबाई दिरावर फणफणत होत्या, "पुरं वाजू दिलं न्हाय." त्यांनी माझ्या नवऱ्याला गाडीत अल्बम लावायला सांगितलं. मोहोळ मागे पडलं. तिसऱ्या ट्रॅकमध्ये त्यांनी एकदम हात वर केला.

"हितं चुकलीय मी."

"आई, तिथंच सगळ्यात चांगलं वाजलंय."

"तुला काय कळतंय," त्या म्हणाल्या, आणि तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला.